नामसाधर्म्य म्हणजे माणूस नव्हे

कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलं एकाच नावाच्या मान्यवरांची माहिती गोळा करताहेत. एका मुलाने लिहिलं, ‘बाबूराव पेंटर हे बाबूराव पेंढारकर यांचे नामसाधर्म्य होते.’ वाक्य खटकतं, पण नेमकं काय चुकलं ते सांगता येईना. आणि नामसाधर्म्य नाही, तर एकाच नावाच्या दुसऱ्या माणसाला मराठीत म्हणायचं तरी काय?

बाई, तुमचा कान बरोबर आहे. नामसाधर्म्य हे माणसाचं नाव नाही, ती एक स्थिती आहे. समान धर्म असलेला तो सधर्म आणि सधर्म असण्याचा भाव ते साधर्म्य. इथे धर्म म्हणजे गुण, लक्षण. जोडीचा उलटा शब्द वैधर्म्य. सौंदर्य, शौर्य, माधुर्य यांच्या रांगेतलं हे नपुंसकलिंगी भाववाचक नाम आहे. ‘ती माझी सौंदर्य आहे’ असं आपण म्हणत नाही, तसंच ‘तो माझा नामसाधर्म्य’ असंही होत नाही. दोघांत नामसाधर्म्य असतं, नामसाधर्म्यामुळे घोटाळा होतो, नामसाधर्म्याचा फटका बसतो. मुलांना तोंडी म्हणायला सांगा, कारण लिहिताना ‘साधर्म’ करून शेवटचा य गाळणारे मोठेही पुष्कळ आहेत.

काही जण म्हणतात, नाव हा माणसाचा गुणधर्म नाही, ते आपण त्याला चिकटवलेलं असतं. मग साधर्म्य कसलं, नामसाम्य म्हणा. तर्क बरा आहे, पण त्यासाठी रुळलेला शब्द हुसकून लावायचं मला कारण दिसत नाही. मी स्वतः थोडा फरक करतो. नाव तंतोतंत तेच असेल तर नामसाधर्म्य आणि जवळपास जात असेल तर नामसाम्य. कोशात अशी रेघ आखलेली नाही, ही माझी सोय. ती का करावी लागली ते पुढे पेंढारकरांपाशी कळेल.

आता माणसाचं. संस्कृतात त्याला सरळ शब्द आहे, सनामन्. पाणिनीचं एक सूत्र आहे (६.३.८५). त्यात ज्या शब्दांआधी ‘समान’चा ‘स’ होतो त्यांची यादीच दिली आहे : ज्योती, जनपद, रात्री, नाभी, नाम, गोत्र, रूप, स्थान, वर्ण, वय, वचन, बंधू. या यादीतला सगोत्र आपण उचलला आणि लग्न जुळवताना अजून वापरतो. त्याच्या शेजारीच बसलेल्या सनामाला मात्र कुणी विचारलं नाही. ‘ते दोघे सनाम आहेत’ म्हटलं तर ऐकणारा ‘काय?’ म्हणेल. समनामी हा घडवलेला शब्द आहे, चालतो, पण त्याला शाळेच्या प्रयोगशाळेचा वास येतो. नामबंधू मला आवडतो. गुरुबंधूच्या घडणीचा आहे, त्यात जिव्हाळा आहे आणि नामभगिनीही म्हणता येतं. मात्र दोघे एकमेकांना ओळखत असतील, निदान एका काळातले असतील, तिथेच तो शोभतो. शहाजीराजे आणि विसाव्या शतकातले करवीरचे शहाजी छत्रपती ‘नामबंधू’ होते असं लिहिलंत, तर थट्टा केल्यासारखं वाटेल.

नामधारी मात्र मुळीच नको. नामधारी अध्यक्ष म्हणजे नुसता नावाला अध्यक्ष. आणि नामधारक म्हटलं की आपल्याकडे, विशेषतः नरसोबाच्या वाडीच्या वाटेवर, गुरुचरित्रात सिद्धमुनींना प्रश्न विचारणारा शिष्यच डोळ्यांपुढे येतो.

एवढे शब्द असूनही बोलताना यातला एकही तोंडात येत नाही. ‘माझ्याच नावाचा आणखी एक आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. मला वाटतं, मराठीला इथे नामाची गरजच फारशी पडली नाही. एका नावाचे दोघे समोर आले की ते एकसारखे आहेत हे सांगण्यापेक्षा त्यांना निरनिराळं कसं करायचं याचीच तिला घाई असते, आणि त्यासाठी तिच्यापाशी भरपूर हत्यारं आहेत. थोरला-धाकटा आहे : थोरले बाजीराव, थोरले माधवराव. मग सवाई माधवराव. गाव आहे, धंदा आहे, अंगकाठी आहे. तालमीत एका नावाची तीन पोरं असली की बारक्या, लंब्या आणि राहिलेल्याला त्याच्या गल्लीचं नाव, हे दुसऱ्या दिवशी ठरून जातं. खरं नाव पुढे लग्नपत्रिकेत वाचून आपणच दचकतो.

मुलाच्या वाक्यातले दोन बाबूरावही असेच निरनिराळे झाले. दोघांच्या हयातीत कोल्हापूर हे सिनेमाचं गाव होतं आणि बाबूराव पेंढारकरांची सुरुवात झाली तीच मुळी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. एकाच आवारात दोन बाबूराव. त्यातल्या थोरल्यांचं आडनाव खरं म्हणजे मेस्त्री. पण नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ हेच आडनाव झालं, आणि लोकांनी ते असं पक्कं केलं की आज ‘बाबूराव मेस्त्री’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ओळख पटायची नाही. ‘सैरंध्री’ १९२० सालचा, तो या पेंटरांचा. यांना नामबंधू म्हणायला मात्र माझी हरकत नाही. ओळख होती, एक धंदा होता, एक गाव होतं.

मुलांना पेंढारकरांपाशी जरा जास्त वेळ थांबू द्या, कारण खरा गुंता तिथे आहे. बाबूरावांचे धाकटे भाऊ म्हणजे भालजी, जयप्रभा स्टुडिओवाले, १९९१ सालच्या फाळके पुरस्काराचे मानकरी. भालजींचं पूर्ण नाव भालचंद्र गोपाळ पेंढारकर. आणि ‘ललितकलादर्श’ नाटक कंपनी पुढे चालवणारे गायक नट, त्यांचंही नाव भालचंद्र पेंढारकर (१९२१ ते २०१५). एक पडद्याचे, एक रंगभूमीचे. बरं, हे इथे संपत नाही. रंगभूमीवरच्या भालचंद्रांचे वडील बापूराव पेंढारकर, तर पडद्यावरच्या भालचंद्रांचे भाऊ बाबूराव पेंढारकर. बापूराव आणि बाबूराव! छापखान्यात एक ‘प’चा ‘ब’ झाला की वडील या घरातून त्या घरात गेलेच. म्हणून म्हटलं, दोन भालचंद्रांमध्ये नामसाधर्म्य आणि बापूराव-बाबूरावांमध्ये नामसाम्य. आणखी म्हणजे ‘ललितकलादर्श’ काढली ती केशवराव भोसल्यांनी, ज्यांचं नाव आपल्या नाट्यगृहाला आहे. ते १९२१ साली गेले, कंपनी बापूरावांनी सांभाळली. तेव्हा दोन्ही घराण्यांचा धागा शेवटी कोल्हापुरातच येतो. मराठीने इथे वेगळेपणा कसा केला पाहा : एकाला ‘भालजी’ केलं, दुसऱ्याला पूर्ण नावाने ठेवलं. एवढ्यानेच भागलं.

याच गावचे मास्टर विनायक. त्यांचं पूर्ण नाव विनायक दामोदर कर्नाटकी. विनायक दामोदर एवढंच वाचून थांबलात तर तुमच्या मनात दुसरंच आडनाव येईल. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही जुळण्याची ही गंमत ‘बाळ गंगाधर’मध्ये तिपटीने आहे. ‘दर्पण’ काढणारे (१८३२) बाळशास्त्री म्हणजे बाळ गंगाधर जांभेकर. ‘केसरी’वाले बाळ गंगाधर टिळक. आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, ते बाळ गंगाधर खेर. तिघांचंही मूळ कोकणात. टिळकांचं पाळण्यातलं नाव खरं तर केशव, बाळ हे घरातलं हाक मारायचं नाव. तेव्हा टिळकांच्या बाबतीत नामसाधर्म्य आहे ते अर्धं हाकेचं. भित्तिपत्रकाला कोल्हापूरचा धागा हवा असेल तर तोही आहे : १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते ते कोल्हापूर प्रकरणामुळेच, म्हणजे इथल्या महाराजांचा छळ होतो असं छापल्याबद्दल दिवाणांनी केलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात.

त्या प्रकरणातले महाराज कोण? शिवाजी महाराज! १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात वारले ते करवीरचे शिवाजी. मुलांनी हे पहिल्यांदा वाचलं की हमखास हात वर होतात. इथे तुमच्या विषयातल्या एका शब्दाला माझी हरकत आहे. तुम्ही लिहिलंय, ‘योगायोगाने एकच नाव असलेले मान्यवर’. दोन भालचंद्र हा योगायोग. करवीरच्या गादीवरची नावं योगायोगाने जुळलेली नाहीत, ती मुद्दाम ठेवलेली आहेत. वर सांगितलेले शिवाजी दत्तक येण्याआधी नारायणराव होते. त्यांच्या आधीचे राजाराम, १८७० साली इटलीत फ्लॉरेन्सला वारले ते, नागोजीराव होते. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू झाले. देवासचे विक्रमसिंह १९४७ साली आले, ते शहाजी झाले. माणूस येतो, नाव आधीच वाट पाहत असतं. सामान्य घरातही दुसरं काय होतं? आजोबा गेले की नातवात त्यांचं नाव चालवायचं. मग सुनेला सासऱ्याच्या नावाने पोराला हाक मारता येत नाही, म्हणून त्याचा आबा होतो, बाबा होतो, दादा होतो.

याने अभ्यास कसा अवघड होतो ते वारणेच्या तहात पाहा (१७३१). एका बाजूला साताऱ्याचे शाहू, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचे संभाजी. शाहूंच्या वडिलांचं नाव संभाजी आणि ज्या चुलतभावाशी तह केला त्याचंही नाव संभाजी. मी शाळेत असताना उत्तरपत्रिकेत बापलेकांचा तह लावून दिला होता. गुरुजींनी लाल शाईने नुसतं ‘वा!’ लिहिलं.

नुसतं नाव, कुठलंही शेपूट न लावता, कुणाच्या वाट्याला येतं हेही पाहण्यासारखं आहे. शिवाजी म्हटलं की कुणी ‘कुठले?’ विचारत नाही, गादीवर त्या नावाचे कितीही होऊन गेले असोत. विद्यापीठाच्या नावातही नुसतं ‘शिवाजी’ आहे. शाहूंचं मात्र गाव बदललं की बदलतं. कोल्हापुरात ‘शाहू महाराज’ म्हणजे १८७४ ते १९२२ मधले राजर्षी, साताऱ्यात ‘शाहू महाराज’ म्हणजे १७४९ साली गेलेले थोरले. राजर्षी ही पदवी १९१९ साली कानपूरची, पण आता तिचा अर्ध्याहून जास्त उपयोग हे दोन शाहू ओळखायलाच होतो. २०२४ पासून कोल्हापूरचे खासदारही शाहू महाराजच आहेत, त्यामुळे बातमीत ‘शाहू छत्रपती’ आणि ‘राजर्षी शाहू’ अशी वाटणी काटेकोर सांभाळावी लागते. राजारामांचीही अशीच गोष्ट. राजाराम कॉलेज १८८० सालचं, राजर्षींचे चिरंजीव राजाराम १८९७ सालचे. तेव्हा त्यांचं नाव कॉलेजला असणार नाही, एवढं तरी मुलांना आकड्यांवरूनच काढता येईल.

बरं, नावं माणसांवर थांबत नाहीत. शाहूनगरी साताऱ्यालाही म्हणतात, कोल्हापूरलाही. शाहूपुरी इथेही आहे, तिथेही. मागे पुण्याहून एक जुना कोश मागवला होता. पत्त्यात ‘शाहूपुरी, तिसरी गल्ली’. पोरगा फोनवर म्हणाला, “साहेब, शाहूपुरीत आलोय, तिसरी गल्ली सापडंना.” म्हटलं, “उभा कुठं आहेस?” “राजवाड्यापाशी.” “नव्या का जुन्या?” तो जरा थांबला. “राजवाडा म्हंजे राजवाडा की ओ. पोवई नाक्यावरनं खाली आलो.” पोवई नाका ऐकला आणि डोक्यावर हात मारून घेतला. पार्सल साताऱ्यात. पिनकोडात ४१६ च्या जागी ४१५ छापलं गेलं होतं. कोश चार दिवसांनी आला, मी पहिल्यांदा ‘नामसाधर्म्य’च काढून पाहिलं.

निवडणुकीतलं नामसाधर्म्य तर सगळ्यांना माहीत आहे. २०१४ साली रायगडमध्ये सुनील तटकरे सुमारे २,१०० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला साडेनऊ हजारांहून जास्त मतं होती. मतदान यंत्रावर उमेदवारांचे फोटो २०१५ पासून आले ते याच कारणाने. या संदर्भात नामबंधू लिहू नका बरं का, बंधुभाव तिथे नावालाही नसतो.

व्याकरणाचं एक राहिलं. विशेषनामाचं अनेकवचन होत नाही असं पुस्तक सांगतं आणि आपण सर्रास ‘वर्गात तीन संभाजी आहेत’ म्हणतो. दोन्ही खरं, कारण तिथे ते सामान्यनाम झालेलं असतं. ‘गावात नारद फार झालेत’ मध्येही तेच, पण तिथे स्वभाव मोजलाय आणि संभाजींमध्ये नुसतं नाव. ‘मोठा बाजीराव लागून गेलास’ या टोमण्यातला बाजीराव स्वभावाचा आहे. आता तो थोरला की दुसरा, हे बोलणाऱ्याने आजवर सांगितलेलं नाही. ऐट पाहिजे तर थोरला घ्या, मला स्वतःला त्यात दुसऱ्याचा वास येतो.

मुलाचं वाक्य असं करा : ‘बाबूराव पेंटर आणि बाबूराव पेंढारकर यांच्यात नामसाधर्म्य होते.’ किंवा आणखी सोपं, ‘दोघांचेही नाव बाबूराव.’ माणसासाठी शब्द हवाच असेल तर ‘बाबूराव पेंढारकर हे बाबूराव पेंटरांचे नामबंधू’. आणि त्या मुलाला शाबासकी द्या, कारण मोठ्यांच्या लेखांत बापूरावांच्या जागी बाबूराव पडलेले मी पाहिलेत, त्याने दोघेही बाबूराव बरोबर लिहिलेत.