कंपासपेटीत निघालेली सिगारेट

ताई, मी सोलापुरात अशोक चौकाकडे राहतो, यंत्रमागावर कामाला आहे. पोरगा नववीत, चौदाचा. परवा शेजाऱ्यानं त्याला शाळेमागच्या टपरीआड सिगारेट ओढताना पाहिलं. दप्तर झाडलं तर कंपासपेटीत काडेपेटी, चार लवंगा आणि अर्धी विझवलेली सिगारेट, माझ्याच ब्रँडची. पट्ट्यानं मारलं. तीन दिवस झाले, बोलत नाही. गणितात नापास झाल्यापासून शाळेत मन नाही त्याचं. पहिलीत होता तेव्हापासून माझी सिगारेट तोच आणायचा, तेव्हा असं काही नव्हतं. मी वीस वर्षं ओढतो, पण मी कमावतो. बायको विड्या वळते, घरात कायम तंबाखू. तिच्यामुळंच पोरगं बिघडलं वाटतं. शाळा सोडवून कामाला लावू का?

भाऊ, शाळा सोडवू नका. कामावर गेला तर हातात रोजचे पैसे येतील आणि शेजारी ओढणारी मोठी माणसं. दोन्ही गोष्टींनी सवय वाढते. गणित कच्चं राहिलं, वर्गात किंमत उरली नाही, म्हणून जिथं किंमत मिळते त्या घोळक्यात तो गेला. त्याला शिकवणी लावा, ती सिगारेटवरचीही दवा आहे.

वहिनींना बोल लावणं मात्र आजच बंद करा. त्यांच्या सुपात पानं आणि जर्दा असतो, आणि त्याच पैशावर घर चालतं. कंपासपेटीत निघाली ती विडी नव्हती, तुमची सिगारेट होती. तुम्ही ओघात लिहून गेलात ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सहा-सात वर्षांचं पोर, मुठीत नोट, टपरीवाला त्याला नावानं ओळखतो. त्या पोराला टपरीची भीती कुठून वाटणार? दोस्तानं नंतर फक्त काडी ओढली. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही; असं घरोघरी चालतं आणि माझा जीव त्यानंच तुटतो. देशातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांच्या २०१९ च्या पाहणीत, कधी ना कधी सिगारेट ओढलेल्यांपैकी ३८ टक्के मुलांनी दहा वर्षं पुरी व्हायच्या आतच पहिली ओढली होती.

कोवळ्या वयात निकोटीन लवकर धरतं, कारण मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. पण सवय नवी असेल तर सुटतेही. पहिले तीन-चार दिवस चिडचीड होईल, झोप उडेल. दोन-चार आठवड्यांत ते ओसरतं. तलफ आली की पाच-दहा मिनिटं काढायची असतात, मग पाणी प्यावं, चक्कर मारावी.

सुट्टीच्या दिवशी त्याला सिद्धेश्वर तलावाकडं घेऊन जा, दोघंच. आधी पट्ट्याबद्दल माफी मागा. बाप म्हणून जड जाईल, तरी मागा. मग विचारा, दिवसाला किती, कुठल्या वेळी, पहिली कशी वाटली. दोस्तांची नावं विचारू नका, नाहीतर तोंड पुन्हा मिटेल. आणि सांगा की तुम्हीही सोडताय. "मी कमावतो" हे उत्तर त्याच्यापुढं चालणार नाही. चार वर्षांनी तोही कमावेल. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, तिथं दोघांनीही बोलावं. तुमची वीस वर्षांची सवय आहे, तेव्हा सिव्हिलमध्ये डॉक्टरांना दाखवा. निकोटीनचं च्युइंगगम वगैरे पोराला मनानं देऊ नका.

टपरीचंही बघायला हवं. १८ वर्षांखालच्या मुलाला सिगारेट विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकणं, दोन्ही २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, आणि पोरांच्या खाऊच्या पैशात तीच बसते. शाळेच्या मुख्याध्यापकांना चार पालकांनी मिळून अर्ज द्या. तुमच्या गल्लीतल्या टपरीवाल्याला मात्र तुम्ही स्वतः जाऊन सांगा की याला देऊ नका, मलाही देऊ नका. पोराला सोबत न्या, त्याच्या देखत सांगा.

आणि हे पत्र आज रात्री वहिनींना वाचून दाखवा, तुमच्या प्रश्नासकट.