पुण्यातून सप्तर्षी, ध्रुवतारा, शर्मिष्ठा केव्हा आणि कुठून दिसतात?

दिवाळीच्या सुट्टीत रात्री नऊला गच्चीवर जाऊन सप्तर्षी शोधले, मिळाले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मिळणारच नव्हते, तेव्हा ते क्षितिजाखाली असतात. ‘सप्तर्षी कधी मावळत नाहीत’ हे युरोपात खरं. पुणं पडलं साडेअठरा अक्षांशावर, त्यामुळे आपला ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर आणि त्याला प्रदक्षिणा घालणारे सप्तर्षी रोज काही तास बुडालेले.

संध्याकाळी बघायचे तर एप्रिल-मे. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री दहाच्या सुमारास ते ईशान्येला शेपूट (चार ताऱ्यांच्या चौकोनाला जोडलेले तीन तारे) खाली करून उभे असतात. मेच्या मध्यावर नऊ-साडेनऊला उत्तरेला सगळ्यात उंच, आणि जुलैत वायव्येला उतरायला लागतात. पण जुलैत पुण्यात आकाश दिसतं कुठे! मला विचाराल तर एप्रिलमधली अमावास्या गाठा आणि दहानंतर बसा. मेमध्ये वळवाचे ढग कधी येतील सांगता येत नाही. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. म्हणून नोव्हेंबरात हेच सप्तर्षी पहाटे पाचला ईशान्येला असतात. दिवाळी नोव्हेंबरात आली तर अभ्यंगस्नानाला उठल्यावर बघून घ्या.

दिवाळीच्या रात्री तुम्हाला दिसायला हवी होती ती शर्मिष्ठा, म्हणजे इंग्रजीतला कॅसिओपिया हा तारकासमूह. ध्रुवाच्या एका बाजूला सप्तर्षी, दुसऱ्या बाजूला ही. एक वर तर दुसरं खाली. नोव्हेंबरअखेर रात्री नऊला ती उत्तरेला पाच ताऱ्यांच्या इंग्रजी ‘एम’सारखी दिसते. शेजारीच देवयानी, ययाती आणि शर्मिष्ठेचा बाप वृषपर्वा, हेही तारकासमूहच. अख्खं भांडण एकाच कोपऱ्यात!

ध्रुवतारा बारा महिने तिथेच, तरी पुण्यात तोच जास्त हुलकावणी देतो. हात ताठ करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात; क्षितिजापासून दोन मुठींच्या किंचित खाली तो. तुमच्या गच्चीहून तीस मीटर उंच इमारत उत्तरेला नव्वद मीटरच्या आत असली की झाकला. शिवाय तो फार तेजस्वी नाही. सप्तर्षींच्या चौकोनात शेपटापासून लांबच्या बाजूचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू, त्यातला ध्रुवाकडचा क्रतू. सप्तर्षी वर असताना पुलह ते क्रतू ही रेघ क्रतूच्या पुढे पाचपट वाढवा, तिथे जो एकटा तारा दिसेल तो ध्रुव.

आता जागा. आपण सवयीने सिंहगड-पानशेतच्या बाजूला पळतो. दक्षिणेचे तारे बघायला ते ठीक, पण उत्तरेचे बघायचे तर तिथून नेमकी समोर पिंपरी-चिंचवड आणि पुण्याची झगमग येते, आणि ध्रुव त्या उजेडातच. त्यापेक्षा शहर पाठीशी ठेवा. चाकण, मंचर मागे टाकून जुन्नरच्या पुढे नाणेघाटाकडे गेलात तर उत्तर बरीच काळी मिळते. तो बिबट्यांचा मुलूख आहे, तेव्हा रात्री उसाच्या कडेला सतरंजी टाकू नका. गावात विचारून मोकळ्या माळावर बसा, एकट्याने तर नकोच.

आकाश कितपत चांगलं आहे ते अरुंधतीवरून कळतं. शेपटाच्या टोकाकडून दुसरा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक ठिपका म्हणजे ती. लग्नात भटजी दाखवतात तीच, बहुतेक वेळा मंडपातून न दिसणारी. शहरातल्या गच्चीवरून ती सहसा हाती लागत नाही. जुन्नरकडे नुसत्या डोळ्यांनी दिसते.

दुर्बीण घ्यावी का, असंही विचारलंय. तारकासमूहांसाठी अजिबात नको, नजरेचा पट्टाच लहान होतो. कुणी बरोबर उभं राहून दाखवावं असं वाटत असेल तर टिळक रोडवरच्या टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे, 1944 पासूनची. तिथे चौकशी करा.