आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं; आता रक्ततपासणी कोणती, कधी आणि कशासाठी?

मागच्या अंकात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनची माहिती दिली होती. त्यानंतर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे: गाठ काढली, पण ती परत आली तर रक्तातून वेळेवर कळेल का? त्यातल्या काही प्रश्नांना आमच्या सल्लागार मंडळातले शल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं सहा महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. त्याआधी सीईए 18.6 होतं, नंतर 4.1 झालं. केमोचा शेवटचा डोस तीन आठवड्यांपूर्वी झाला आणि आता रिपोर्ट 6.3 आला आहे. त्यांची विडी अजून सुटलेली नाही. घरात सगळे घाबरलेत. लगेच पेट स्कॅन करावा का? (विडी घरकुल, सोलापूर)

लगेच नको. आधी हाच आकडा पुन्हा तपासून घ्या.

सीईए हे एक प्रथिन आहे. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी ते रक्तात सोडतात, पण निरोगी माणसाच्या रक्तातही ते थोडं असतंच. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत ते साधारण 3 च्या आत, ओढणाऱ्यांत 5 च्या आसपास आणि कधी त्याहून थोडं वरही असतं. गाठ पूर्ण निघाली की चार ते सहा आठवड्यांत आकडा खाली येतो. सासऱ्यांचं सीईए 18.6 वरून 4.1 वर आलं, ही चांगली खूण आहे. त्यांच्या बाबतीत गाठीचा माग या तपासणीनं लागतो, हेही त्यावरून दिसतं. सगळ्यांच्या बाबतीत तसं नसतं.

आता 6.3 कडे पाहू. विडी हे एक कारण झालं. दुसरं कारण केमोचं. ऑक्झॅलिप्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू या औषधांचा यकृतावर ताण येतो. सीईए यकृतातूनच बाहेर टाकलं जातं, त्यामुळे केमो चालू असताना आणि संपल्यावर काही आठवडे आकडा थोडा चढू शकतो आणि आपोआप उतरतोही. कावीळ, यकृताचे जुने आजार, स्वादुपिंडाची सूज, किडनीचा आजार, थायरॉइड कमी असणं, जुना दमा-खोकला यांतही तो वाढतो. या सगळ्या कारणांनी होणारी वाढ बहुतेक वेळा 10 च्या आतच राहते.

म्हणून तीन-चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये सीईए पुन्हा करा. त्याच दिवशी यकृताच्या तपासण्या, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच यांचंही रक्त द्या. आकडा उतरला किंवा तिथेच राहिला तर ठरलेल्या वेळापत्रकावर परत या. पुन्हा चढला, समजा 6.3 चा 9 झाला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डॉक्टरांना भेटून छाती, पोट आणि ओटीपोट यांचा काँट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर स्कॅनच्या आधीच सांगा. किडनी कमजोर असेल तर ती काही दिवस थांबवावी लागते. पेट स्कॅनची पाळी त्यानंतर येते, म्हणजे सीईए चढतच आहे आणि सीटीत काही सापडत नाही तेव्हा.

एवढं थांबायला का सांगतो, तेही सांगतो. अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब असा आहे: 5 ही मर्यादा धरली तर आजार परतलेल्या 100 पैकी सुमारे 71 जण सापडतात, पण आजार नसलेल्या 100 पैकी 12 जणांना उगाच धोक्याचा इशारा मिळतो. मर्यादा 10 धरली तर 68 सापडतात आणि खोटे इशारे 3 वर येतात. म्हणून एका आकड्यापेक्षा त्याची चढती दिशा आम्ही जास्त महत्त्वाची मानतो. आणि विडी खरंच थांबवा. तपासणी स्वच्छ वाचता यावी एवढ्यापुरतंच हे सांगत नाही, त्यांच्या फुप्फुसांसाठी आणि हृदयासाठीही सांगतो.

प्रश्न : पुण्याच्या लॅबमध्ये सीईए 2.9 आलं, आठ दिवसांनी सोलापुरात 4.4. कोणाचं खरं? उपाशीपोटी रक्त दिलं नाही म्हणून असं झालं का? (जुळे सोलापूर)

दोन्ही खरी असू शकतात. सीईए मोजणारी यंत्रं आणि त्यातली रसायनं निरनिराळ्या कंपन्यांची असतात, त्यामुळे त्याच रक्ताचे आकडेही थोडे वेगळे येतात. पाच वर्षं एकच लॅब धरून ठेवा. बदलावीच लागली तर नव्या लॅबचा पहिला आकडा जुन्याशी ताडू नका, तिथून नवी सुरुवात धरा. रिपोर्टवर तपासणीची पद्धत छापलेली असते, तीही वहीत उतरवून ठेवा. काही रिपोर्टांत एकक वेगळं दिसतं, पण नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर यांचा आकडा एकच असतो.

उपाशी राहण्याची गरज नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर मात्र लॅबला सांगा. काही यंत्रांवर जास्त बायोटिनमुळे सीईए खोटं कमी दिसतं आणि खोटा दिलासा मिळतो. साधारणपणे दोन-तीन दिवस आधी गोळ्या बंद ठेवायला सांगतात.

प्रश्न : माझ्या भावाचं ऑपरेशनच्या आधीही सीईए 1.8 च होतं. मग नंतर ते करून काय उपयोग? (बार्शी)

उपयोग कमी आहे, पण शून्य नाही. सुरुवातीला सीईए नॉर्मल असलेल्या काही रुग्णांत आजार परतताना ते वाढलेलं दिसतं. काही शे रुपयांची तपासणी आहे, करत राहा. मात्र अशा माणसाचा खरा भार स्कॅनवर आणि दुर्बिणीवर राहतो, म्हणून त्या तारखा चुकवू नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या आजारात सर्वसाधारण रीत अशी: पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि सीईए, पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी. सीटी स्कॅन सहा ते बारा महिन्यांनी, पाच वर्षं. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) एका वर्षानं, ती स्वच्छ असेल तर त्यानंतर तीन वर्षांनी, मग दर पाच वर्षांनी. ऑपरेशनच्या वेळी आतडं बंद पडलेलं होतं आणि दुर्बीण गाठीच्या पलीकडे गेलीच नव्हती, असं असेल तर वर्षभर थांबू नका. तीन ते सहा महिन्यांत पूर्ण कोलोनोस्कोपी करा. ही गोष्ट घाईच्या ऑपरेशनांत हमखास मागे राहते, आणि पलीकडे दुसरी गाठ असेल तर ती सीईएवर दिसेलच असं नाही.

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, सीटीडीएनए नावाची नवी तपासणी करू, रक्तातून कॅन्सरचा अंशसुद्धा कळतो. माझा दुसरा टप्पा आहे, ऑपरेशनला तीन आठवडे झाले. करावी का, आणि कशी करतात? (होटगी रस्ता, सोलापूर)

कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात. ते दोन तासांच्या आत निम्मे होतात, त्यामुळे त्या घडीला शरीरात काय चाललंय ते त्यातून दिसतं. तपासणीचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात आधी तुमच्या काढलेल्या गाठीतले जनुकीय बदल वाचतात, त्यातले साधारण सोळा निवडतात आणि तेवढेच तुमच्या रक्तात शोधतात. दुसऱ्या प्रकारात गाठ लागत नाही, सगळ्यांसाठी ठरलेली एकच यादी वापरतात. गाठ हाताशी असेल तर पहिला प्रकार घ्यावा, असं आमचं मत आहे.

पहिल्या प्रकारासाठी मेणाचा ब्लॉक लागतो. ऑपरेशननंतर गाठीचे तुकडे मेणात बसवून पॅथॉलॉजी विभाग जपून ठेवतो. बायोप्सी रिपोर्टवरचा नंबर घालून अर्ज करा आणि ब्लॉकबरोबर त्याची रंगवलेली स्लाइडही मागा. गाठीचा भाग सर्वांत जास्त असलेला ब्लॉक पॅथॉलॉजिस्टनाच निवडू द्या. घाईत कुठलाही उचलला तर ‘पेशी अपुऱ्या’ असा शेरा येतो आणि महिना वाया जातो. गुदाशयाची गाठ असेल आणि आधी रेडिएशन झालं असेल तर काढलेल्या भागात पेशी फारशा उरलेल्या नसतात. तेव्हा सुरुवातीच्या बायोप्सीचा ब्लॉक मागावा लागतो. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या काचेखाली ठेवू नका, मेण मऊ पडतं.

रक्त ऑपरेशननंतर चार आठवड्यांच्या आत देऊ नये. जखम भरताना शरीराचा स्वतःचाच डीएनए रक्तात भरपूर येतो आणि कॅन्सरचा तुकडा त्यात हरवून जातो. तुमचे तीन आठवडे झालेत, म्हणजे आता ब्लॉकच्या कामाला लागायची वेळ आहे, रक्ताची नाही. पहिल्या वेळी गाठ वाचून तपासणी तयार करायलाच तीन-चार आठवडे जातात, म्हणून ब्लॉक आधी पाठवावा. केमो घ्यायची झाली तर ती साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. रिपोर्टची वाट पाहत तो वेळ घालवू नका.

रक्त साध्या नळीत चालत नाही. पेशी फुटू न देणाऱ्या खास नळ्या किटमध्ये येतात, बहुधा दहा-दहा मिलिलिटरच्या दोन. नळी खुणेपर्यंत भरायची आणि हळुवार आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए मिसळतो. ही नळी फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवायची नाही, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तर अजिबातच नाही. रक्त सकाळी द्या, शक्यतो सोमवार ते बुधवार, म्हणजे नळी रविवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहणार नाही.

आता करावी का? ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टप्प्याच्या 455 रुग्णांवर झालेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौथ्या आणि सातव्या आठवड्याच्या सीटीडीएनएवरून केमो ठरवलेल्या गटात 15 टक्के रुग्णांना केमो दिली गेली, नेहमीच्या पद्धतीच्या गटात 28 टक्क्यांना. दोन वर्षं आजाराविना काढणाऱ्यांचं प्रमाण मात्र जवळपास सारखंच राहिलं: 93.5 आणि 92.4 टक्के. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात केमो द्यावी की नको अशी तुमच्या डॉक्टरांची खरोखर द्विधा असेल, तर या तपासणीनं मदत होते. ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर काढलेल्या लसीकाग्रंथी बारापेक्षा कमी तपासल्या गेल्या असतील, आतडं फुटलं किंवा बंद पडलं असेल, तर ही द्विधा येते. निर्णय आधीच पक्का झाला असेल तर सीईएच्या कित्येक पट पैसे घालून हाती काही नवं लागत नाही.

दोन गोष्टी मुलाशी आधीच बोलून घ्या. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे हमी नव्हे. फुप्फुसातले छोटे डाग आणि पोटाच्या पडद्यावरचा आजार डीएनए फार कमी सोडतात आणि निसटतात. आणि पुढे कधी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला पण स्कॅन स्वच्छ निघाला, तर तेवढ्यावर सुरू करावा असा सर्वमान्य उपचार अजून ठरलेला नाही. स्कॅन लवकर-लवकर करत राहावे लागतात. तो काळ मनाला फार जड जातो. तो सोसायची तयारी आहे का, हे नळीत रक्त देण्याआधी ठरवावं.

प्रश्न : दर महिन्याला सीईए केलं तर जास्त सुरक्षित नाही का? (पंढरपूर)

नाही. इंग्लंडमधल्या 1202 रुग्णांच्या अभ्यासात, 2014 साली, नियमित सीईए केलेल्या गटात आजार परतल्यावर पुन्हा बरं करण्याच्या हेतूनं ऑपरेशन शक्य झालेले 6.7 टक्के होते, फक्त तक्रार आली तरच तपासलेल्या गटात 2.3 टक्के. म्हणजे पाठपुरावा हवाच. पण 2018 मध्ये 2509 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात पहिल्या तीन वर्षांत पाच वेळा सीटी-सीईए केलेल्यांच्या आणि दोनच वेळा केलेल्यांच्या पाच वर्षांतल्या मृत्यूंत खरा फरक दिसला नाही. दर महिन्याच्या तपासणीनं मिळते ती मुख्यतः धाकधूक.

प्रश्न : आईचं वय 84 आहे, हृदय अशक्त आहे, ती अंथरुणावरून क्वचितच उठते. ऑपरेशन होऊन वर्ष झालं. तिचं सीईए करायचं राहिलंय, अपराधी वाटतं. (साखर पेठ, सोलापूर)

अपराधी वाटून घेऊ नका. यकृतातला किंवा फुप्फुसातला छोटा डाग वेळेवर सापडला तर तो काढता येतो, यासाठी आपण सीईए करतो. आईंना पुन्हा मोठं ऑपरेशन किंवा केमो झेपणार नसेल, आणि त्यांची स्वतःची तशी इच्छाही नसेल, तर वाढलेल्या आकड्याचा त्यांना काही उपयोग नाही. डॉक्टरांशी स्पष्ट बोलून तपासणी बंद ठेवणं हा योग्य निर्णय आहे. दुखणं, भूक, शौच, झोप यांकडे लक्ष द्या.

प्रश्न : सीईए नॉर्मल आहे, पण शौचातून रक्त जातंय. पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. थांबू का? (अक्कलकोट)

थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. सीईए नॉर्मल असतानाही आजार परतू शकतो, विशेषतः गुदाशयाच्या जोडाजवळ. रक्त जाणं, शौचाची सवय बदलणं, कारण नसताना वजन उतरणं, माकडहाडाजवळ किंवा ओटीपोटात सतत दुखणं, यांतलं काही असेल तर रिपोर्ट बाजूला ठेवून तपासून घ्या.

प्रश्न : पाच वर्षं पूर्ण झाली. फाइल बंद करायची का? खर्चाचीही अडचण आहे. (बाळे, सोलापूर)

सीईए आणि सीटी आता बंद करता येतात, कारण आजार परतायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो आणि पाच वर्षांनंतर क्वचितच. कोलोनोस्कोपी मात्र तब्येत चांगली असेपर्यंत दर पाच वर्षांनी चालू ठेवा, कारण नवी गाठ नव्या जागी येऊ शकते. खर्चासाठी सिव्हिलमध्ये समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि डिस्चार्ज कार्ड दाखवून कोणती तपासणी बसते ते आधी विचारा. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलही जिल्ह्यातच आहे, दर खेपेला मुंबई गाठावी लागते असं नाही.

फाइल टाकून देऊ नका. तुमच्या मुलांना आणि भावंडांना वयाच्या चाळिशीत, किंवा तुमचा आजार ज्या वयात सापडला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करावी लागेल. त्या वेळी त्यांचे डॉक्टर तुमचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागतील. त्यात एमएमआर तपासणीचा (आजार आनुवंशिक असू शकतो का, याचा अंदाज देणारी गाठीची तपासणी) निकाल आहे का ते आजच पाहा. नसेल तर पॅथॉलॉजी विभागात विचारा, जुन्या ब्लॉकवरूनही ती तपासणी करता येते.