बुधवारच्या बाजारातला कॅमेरा

प्रश्न : हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात मला पेंटॅक्स के १००० हा जुना फिल्म कॅमेरा लेन्ससह दिसला. माझ्याकडे डिजिटल कॅमेरा आहे. आजच्या काळात असा कॅमेरा घेणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कॅमेरा आपण चांगला हेरला आहे. १९७६ ते १९९७ या काळात तयार झालेल्या या कॅमेऱ्याचे शटर संपूर्णपणे यांत्रिक असून बॅटरी लागते ती केवळ प्रकाशमापकाला, त्यामुळे सर्किट जळाल्याने तो कायमचा निकामी होण्याची भीती नाही. चिंता आहे ती आपल्या हवेची. जुलैत कपाटातल्या चपलांवर जी बुरशी चढते तीच लेन्सच्या आतल्या भिंगांवरही चढते, आणि तिने काचेवरचा लेप एकदा खाल्ला की साफसफाई करूनही डाग जात नाहीत. मी स्वतः एक उत्तम लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून पावसाळाभर कपाटात ठेवण्याचा शहाणपणा केला होता. दिवाळीत पाहिली तर आत कोळ्याचे जाळे विणल्यासारखे तंतू पसरले होते. म्हणून सोबत टॉर्च न्या, लेन्स काढून तिच्या आरपार प्रकाश टाका आणि तंतू दिसल्यास, भाव कितीही उतरला तरी, ती लेन्स घेऊ नका. बॉडी चांगली असेल तर तिला बसणारी दुसरी लेन्स शोधता येते.

बॉडीचे मागचे दार उघडून एक सेकंदाच्या गतीवर शटर दाबून पाहा; पडदा अडखळत असेल तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा. दाराच्या कडेचा फोम चिकट झाला असल्यास तो सहज बदलता येतो.

खरा खर्च त्यानंतर सुरू होतो, कारण ३६ छायाचित्रांमागे एक रोल आणि तो धुण्याचे पैसे, हे चक्र थांबत नाही. कृष्णधवल रोल घरीही धुता येतो, मात्र त्याचे रसायन साधारणपणे २० अंश सेल्सिअसवर वापरायचे असते आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच त्याहून बरेच गरम असते, तेव्हा बर्फाची परात जवळ हवी. वर्षाकाठी चार-पाच रोलही होणार नसतील, तर माझ्या मते घेऊ नका.

घेतलाच, तर वापर नसताना लेन्सवर झाकण लावण्यास विसरू नका. या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक बंद करायला वेगळे बटणच नाही, त्यामुळे उजेडात उघडा राहिला की बॅटरी संपत जाते.