माडांवरच्या फ्लॅश लाइट आणि कार्डावरचे 85,000

नमस्कार ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. गोव्यात मांद्र्याला स्वतःचं घर, त्यातल्याच तीन खोल्या होमस्टेला देता, मिस्टरांचा पगार 38,000, घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 43,000 जातात, सीझनमध्ये होमस्टेचे सगळं वजा जाऊन 27,000 सुटतात आणि पावसाचे चार महिने जवळजवळ शून्य. अडीअडचणीला बँकेत 90,000. आणि आता दिवाळीपासून नवीन वर्षापर्यंत माडांवर आणि कौलांच्या कडेने 120 फ्लॅश बल्ब लावायचेत, तेच ते लख्ख लख्ख करणारे, कोटेशन 85,000, क्रेडिट कार्डावर 12 हप्ते, 'नो कॉस्ट'. सासरे होते तेव्हा त्यांनी केलेल्या आकाशकंदिलावरून घर रस्त्यावरून ओळखू यायचं, तसं परत व्हावं असं लिहिलंत. आणि लगेच पुढच्या ओळीत, लायटिंग बघून गेस्ट पण वाढतील.

ताई, ही दोन वेगळी कारणं आहेत आणि दोघांचा हिशेब वेगळा करायला लागतो. पहिलं कारण मला एकदम मान्य. घर सणाला उजळावं म्हणून केलेला खर्च भरून यायलाच हवा असं काही नाही, तो फक्त शिलकीतून व्हायला हवा. धंद्यासाठी म्हणत असाल तर मात्र आकडे मांडूया.

तुम्ही लिहिलंय एक खोली 2,000 ला जाते आणि चादरी, नाश्ता, बुकिंगवाल्यांचं कमिशन काढून हातात 1,100 राहतात. म्हणजे 85,000 वसूल व्हायला 78 रात्री जादा भरायला हव्यात, जादा म्हणजे या लाइट नसत्या तर रिकाम्या गेल्या असत्या अशा. नाताळ ते नवीन वर्ष तुमच्या तिन्ही खोल्या दरवर्षी फुल असतात हे तुम्हीच सांगितलंत, तेव्हा त्या दिवसांत लाइट काय वाढवून देणार? राहिला नोव्हेंबर आणि डिसेंबरचे पहिले तीन आठवडे. आणि गेस्ट खोली ठरवतो ती मोबाइलवरचे फोटो बघून. फ्लॅश बल्ब सेकंदाला एकदा चमकतो, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत विझतो, त्यामुळे साधा फोटो काढलात तर 120 मधले चारपाच उजळलेले आणि बाकीचा माड काळा. व्हिडिओत छान दिसतील, फोटोत नाही. फोटोला पिवळट, स्थिर जळणाऱ्या माळाच लागतात.

आता हप्ता. 85,000 भागिले 12 म्हणजे 7,084. नो कॉस्टमध्ये व्याज सूट म्हणून दाखवतात, पण बँक त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लावतेच. 16 टक्के व्याज धरलं तर ते 6,900 च्या आसपास, त्यावर साधारण 1,250 जीएसटी. शिवाय रोख दिलेत तर दुकानदार 5 टक्के सोडतो म्हणालात, ते 4,250 गेले. म्हणजे 'नो कॉस्ट' तुम्हाला साडेपाच हजाराला पडतं, प्रोसेसिंग फी वेगळी. पण खरी भीती मला या साडेपाच हजारांची नाही. पहिला हप्ता नोव्हेंबरला, म्हणजे शेवटचा पुढच्या ऑक्टोबरला, म्हणजे जून ते सप्टेंबरचे चार हप्ते बरोब्बर पावसात. तेव्हा तसेही घरात महिन्याला 5,000 कमी पडतात. त्यात 7,084 घाला, 12,084 झाले, चार महिन्यांत 48,000 च्या वर. 90,000 मधले अर्ध्याहून जास्त गेले, आणि मेमध्ये कौलं परतायचीत ते वेगळंच. एखादा हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांनी लागू शकतं, वर्षाला 42. हे मी तुम्हाला करू देणार नाही, अगदी कळकळीने सांगते.

पण मग लाइटच नको का? नाही नाही, लावा! फक्त 120 नको.

फ्लॅश एवढा तेज का वाटतो माहिताय, आजूबाजूला काळोख असतो म्हणून. एका माडावर सातआठ बल्ब वेगवेगळ्या वेळी चमकले की कुठून चमकला ते कळायच्या आत दुसरीकडे चमकतो, तीच गंमत. एकाच माडावर चाळीस लावले तर काळोख उरतच नाही आणि सगळं नुसतं फडफडतं. तीन माडांना आणि कौलांच्या कडेला मिळून 24 पुरे. बल्बचा भाव कोटेशनमधलाच 350 धरला तर 8,400, वायर-होल्डर प्रत्येकी 150 प्रमाणे 3,600, झाले 12,000. आणि तो 15,000 चा कंट्रोलर काढून टाका. हे बल्ब आपापल्या तालावर चमकतात, प्रत्येकाच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं, कंट्रोलर त्यात फक्त चालू-बंद करणार, ते काम साधा टायमर करतो. सगळे एकदम फडफड करणारे सेट असतात ते तर आणूच नका, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारा उजेड काही जणांना फिट आणू शकतो, आणि तुमच्याकडे अनोळखी माणसं राहतात.

अमेरिकेतला भाचा तिथून बॉक्स आणतो म्हणाला, त्याला प्रेमाने नको म्हणा. तिकडचे बल्ब 120 व्होल्टचे, आपल्याकडे 230, लावल्या लावल्या जळतील. ट्रान्सफॉर्मर लावलात तरी त्यांचे होल्डर वेगळ्या मापाचे, एक गेला की म्हापशात मिळणार नाही.

इकडे घेताना झेनॉनचा आहे की एलईडीचा ते विचारा. झेनॉनचा चमकारा जास्त धारदार असतो हे खरं, पण वापरून वापरून त्याच्या काचेच्या नळीची टोकं काळी पडत जातात आणि उजेड मंदावतो. एलईडी घ्या, जास्त वर्षं जाईल. विजेच्या बिलाची काळजी करत होतात, ती सोडा. बल्बमागे 1 वॉट धरला तरी 24 बल्ब रोज 5 तास, 60 दिवसांत 7 युनिटच्या आसपास, झालं.

पैसे जातात ते खाऱ्या हवेत आणि पाण्यात. दोन वर्षांपूर्वी आमच्या बल्कांवाला, म्हणजे दारापुढच्या ओसरीला, मी स्वस्तातली माळ लावली होती, दिवाळीच्या तोंडावर दुपारी गडगडाट करून पाऊस आला आणि रात्री पाहुणे जेवायला बसलेले असताना घरातला मेन ट्रिप झाला. सकाळी जॉइंटवरची काळी टेप सोडवली तर आत पाण्याचा थेंब आणि पिनांवर हिरवट पांढरी भुकटी. पूर्ण माळ फेकली. म्हणून बल्ब, होल्डर, जॉइंट सगळं आयपी 65 असू दे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारं, नुसत्या बल्बावर लिहिलेलं चालत नाही, जॉइंट छपराखाली घ्या आणि बाहेरच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, वेगळा बसवून घ्या. त्याला इलेक्ट्रिशियनसकट 4,000 ठेवलेत. बल्कांव आणि तुळशीवृंदावनाला 24 व्होल्टच्या पिवळ्या माळा, 6,000. एकूण 22,000.

हे पैसे कार्डावर नाही, शिलकीतून. सीझनला महिन्याला 22,000 उरतात ना, ऑक्टोबर-नोव्हेंबरला अकरा अकरा हजार लाइटला, उरलेले अकरा अकरा त्या 90,000 मध्ये. तुमच्या घराला पावसासकट किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, म्हणजे अडीच लाखांच्या वर, तिथवर पोचायला अजून वेळ आहे. दिवाळीला 12 बल्ब लागले तरी चालेल, बाकीचे 12 व्हडल्या दिवाळीपर्यंत, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत, येतील.

अजून एक, हे पैशांचं नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमचा पश्चिमेचा माड दर्याकडे तोंड करून आहे म्हणालात. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, नोव्हेंबरपासून सुरू होतं, आणि पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात, दर्याचा उजेड समजून भलतीकडे जातात. त्या माडावर एकही बल्ब नको, अंगणातल्या रस्त्याकडच्या तिघांवरच लावा.

या आठवड्यात फक्त दोनच बल्ब आणा, 700 रुपये. एक माडावर, एक कौलांच्या टोकाला. रात्री रस्त्यावर जाऊन उभ्या राहा आणि बघा, आणि मग दोन नंबरच्या खोलीत बेडवर आडव्या होऊन बघा चमकारा पडद्यातून डोळ्यावर येतो का. येत असेल तर कौलावरचा काढा आणि मला कळवा, 24 चे 20 करू.