घामाचा पॅच पहिल्यांदा लावताय? मग एवढं बघा

घाम किती गेला आणि त्यात क्षार किती, हे मोजणारा, कातडीवर चिकटवायचा पॅच मागवलात, छान केलंत. पण लावायची घाई नको, भाऊ. आधी हाताची आतली बाजू साबणाने धुवून खडखडीत कोरडी करा. खोबरेल किंवा सनस्क्रीन राहिलं की कडा सुटतात, घाम बाजूने निसटतो आणि आकडा खोटा येतो. केस दाट असतील तर वस्तरा फिरवा.

पॅचच्या आत अगदी बारीक नळ्या असतात. घामग्रंथींच्याच दाबाने घाम त्यांत सरकतो. एकीत तो किती पुढे गेला त्यावरून घाम किती आला ते कळतं, दुसरीत रंग किती गडद झाला त्यावरून क्षार. खेळाडूंची पेयं बनवणाऱ्या गेटोरेडने 2021 मध्ये आणलेला पॅच असाच, एकदाच वापरायचा आणि फोनने वाचायचा.

एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. मे महिन्यात नागपूरच्या अंबाझरीला धावताना कोरड्या हवेत घाम अंगावरच उडून जातो, कमी आला असं वाटतं. जुलैत तोच निथळतो. दोन्ही ऋतूंत वेगळं मोजा. सोबत वजनकाटा हवाच, माझा तर त्याच्यावर जास्त भरवसा! धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. किलोभर घट म्हणजे साधारण लिटरभर घाम, मधे प्यालेलं पाणी त्यात मिळवायचं.

रक्तातली साखर मात्र या पॅचच्या भरवशावर सोडू नका. घामातली साखर रक्तातल्यापेक्षा कितीतरी कमी असते. मधुमेह असेल तर बोटातून रक्त घेऊन तपासणं चालूच ठेवा. आणि उन्हात चक्कर, मळमळ वाटली तर आकडा न बघता आधी सावली गाठा, सोबतच्याला हाक मारा.