घर थोरल्याच्या नावावर केलं, तर धाकट्याचं काय?

कायद्याचं बोलू : वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, वय 71. नाशिकला इंदिरानगरमध्ये स्वकमाईचा फ्लॅट आहे. थोरला मुलगा सातपूरला कंपनीत आहे, वेगळा राहतो. धाकटा 27 वर्षांचा, त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो आमच्याजवळ असतो. थोरला म्हणतो, "घर माझ्या नावावर बक्षीस करून द्या, 200 रुपयांच्या स्टँपवर काम होतं. धाकट्याला मी बघेन." मुलगा वाईट नाही. सही करू का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : गुरुजी, सही करू नका.

मुलगा वाईट नाही, हे मी धरूनच चालते. माझ्याकडे आलेले बहुतेक थोरले वाईट नसतातच. पण उद्या त्याचंच काही बरंवाईट झालं तर? घर त्याच्या बायकामुलांकडे जाईल, आणि शब्द त्यांनी दिलेला नाही. तो कर्जात अडकला, तर बँक घराकडे बघेल. धाकट्याकडे बघायचं तिला काय कारण?

200 रुपयांचं तो म्हणतो ते खरं आहे. राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क तेवढंच लागतं. अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. पण स्वस्त पडतो म्हणून दस्त करायचा नसतो. बक्षीसपत्र एकदा झालं की मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही.

तुम्हाला कुणीतरी सांगेल, "2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे ना, मुलानं सांभाळलं नाही तर प्रांतांकडे जाऊन दस्त रद्द करता येतो." येतो, कलम 23 खाली. पण त्यासाठी सांभाळायच्या अटीवरच घर दिलं होतं, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये या अटीवर बोट ठेवलं. जानेवारी 2025 च्या निकालात तेच कलम ज्येष्ठांच्या बाजूनं, जरा सैल हातानं वाचलं. म्हणून लोक निर्धास्त होतात. तुमच्या घरात मात्र अडचण निराळीच आहे. हे कलम घर देणाऱ्याच्या गरजांपुरतं आहे. देणारे तुम्ही. तुम्ही दोघं असेपर्यंत ठीक. तुमच्या मागे धाकट्याला जेवण मिळालं नाही, तर त्याला या कलमाचा काडीचा उपयोग नाही.

मग करायचं काय? मृत्युपत्र करा. घर तुमच्या स्वकमाईचं आहे, त्यामुळे हात मोकळे आहेत. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही (तरी नोंदवाच). दोन साक्षीदार लागतात. ते तुमच्याहून तरुण घ्या. घर थेट धाकट्याच्या नावे ठेवण्यापेक्षा मृत्युपत्रातूनच त्याच्यासाठी खासगी विश्वस्त निधी, म्हणजे ट्रस्ट करा. एक विश्वस्त थोरला, दुसरा घराबाहेरचा. धाकटा असेपर्यंत घर त्याच्या राहण्यासाठी आणि खर्चासाठी, त्याच्या मागे थोरल्याच्या मुलांना. हे थोरल्याला समोर बसवून सांगा. खरंच बघणारा असेल, तर तो नाराज होणार नाही.

दुसरं काम तुम्ही बहुधा केलेलंच नसेल. मुलगा 18 वर्षांचा झाला की आईबापांचं कायद्यानं असलेलं पालकत्व संपतं. अशा मुलांसाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिच्याकडे अर्ज करा. आधी तुम्ही दोघं पालक व्हा, आणि तुमच्यानंतर कोण याची इच्छा मृत्युपत्रात लिहून ठेवा. नेमणूक समितीच करते. पालकाला मुलाच्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांत आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. नुसत्या "मी बघेन"मध्ये हिशेब नसतो, इथे असतो.

आणि पेन्शन! तुमच्या मागे बाईंना, म्हणजे तुमच्या पत्नीला, आणि त्यांच्या मागे या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन तहहयात मिळू शकतं, कारण तो स्वतः कमावू शकत नाही. त्यासाठी त्याचं नाव आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र तुमच्या पेन्शनच्या कागदांत आत्ताच लागायला हवं. आईबाप गेल्यावर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारी भावंडं मी बघते, तेव्हा चडफडाट होतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलेलं नसेल तर ते आधी काढा. दिव्यांगांना आणि महिलांना जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. अर्ज बाईंच्या किंवा मुलाच्या नावानं करा.

प्रश्न : मी नाशिकलाच विधीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ज्येष्ठ आणि दिव्यांगांची कामं करायची इच्छा आहे. यात पोट भरतं का?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : मुलांकडून पोटगी मागणाऱ्या आईबापांच्या नुसत्या अर्जांवर नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पोटगीची कमाल मर्यादाच महिना 10,000 रुपये आहे, आणि कलम 17 तर हे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणासमोर वकील नको म्हणतं. केरळ उच्च न्यायालयानं 2021 मध्ये तो अडसर दूर केला खरा, पण पक्षकार फी देणार कुठून? मृत्युपत्रं, विश्वस्त निधी, पालकत्वाचे अर्ज, वारस दाखले यांवर घर चालतं.

मात्र एक सवय आजपासून लावून घ्या. ऑफिसात मुलगा बोलत असतो, फाईल त्याच्या मांडीवर, फीही तोच देणार असतो. शेजारी आजी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, सोडत बसलेल्या असतात. तुमच्या पक्षकार आजी. मी मुलाला खाली चहाला पाठवते आणि दार लावून विचारते, "आजी, कागदात काय लिहिलंय ते सांगा बरं." काही मुलांना हे खपत नाही, ते फाईल उचलून दुसऱ्या वकिलाकडे जातात. जाऊ द्यायचं.